माजी सैनिकांचा पीटीएसडी (जीवघेण्या आघातानंतर उरणारा मानसिक त्रास) संगणकावर तपासावा का?

घोडबंदरवासी: बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, १९९९ ला कारगिल युद्धात द्रासला होते. अजून रात्री उठून कडी तपासतात, हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसतात. विचारलं की "काही नाही रे." प्रश्नावलीतही तेच लिहिणार. म्हणून मला संगणकाची चाचणी हवीशी वाटते. 'भावनिक स्ट्रूप' नावाच्या चाचणीत पडद्यावर 'सुरुंग' हा शब्द हिरव्या अक्षरांत येतो. अर्थ सोडून फक्त रंगाचं बटण दाबायचं. पीटीएसडी असलेल्या गटांना अशा शब्दांवर किंचित जास्त वेळ लागल्याचं अभ्यासांत दिसलंय. तोंड उघडावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

नेरूळची सायकॉलॉजिस्ट: दादा, तळमळ कळते, तरी माझा ठाम विरोध. गटाच्या सरासरीत फरक दिसला म्हणून समोरच्या एका माणसाचं निदान होत नाही. त्याच माणसाची हीच चाचणी पुन्हा घेतली तर हा फरक अनेकदा तसाच येत नाही. शिवाय बटण उशिरा दाबलं जायला अपुरी झोप, वय, नैराश्य, स्फोटात डोक्याला बसलेला मार, कीबोर्डची सवय नसणं, काहीही पुरतं. निदान मुलाखतीतूनच होतं: नको असताना येणाऱ्या आठवणी, टाळाटाळ, सततची सावधगिरी, आणि हे महिन्याहून जास्त टिकणं. मला खरी धास्ती वेगळीच आहे. निकाल 'नॉर्मल' आला तर बाबा तोच कागद तुमच्यापुढे धरतील, आणि उपचार तिथेच थांबतील.

कळव्याचा हवालदार: ताई, मुलाखतीत फौजी खरं बोलतो हे तुम्ही गृहीत धरलंय. नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन अडेल, या भीतीने आम्ही सगळं गिळायला शिकलो. ती सवय पेन्शनीत जात नाही. अमेरिकी सैन्यात २००८ पासून मोहिमेआधीच संगणकावर चाचणी घेऊन ठेवतात, मग परतल्यावर जवानाची तुलना त्याच्याच आकड्यांशी होते. यात काय वाईट?

नेरूळची सायकॉलॉजिस्ट: काका, त्या तुलनेला माझा विरोध नाही. पण ती मुख्यतः डोक्याच्या इजेसाठी आहे. आणि सुभेदारसाहेबांचे १९९९ आधीचे आकडे आणणार कुठून?

घोडबंदरवासी: मग त्यांना तुमच्यापर्यंत आणायचं कसं, तेवढं सांगा.

नेरूळची सायकॉलॉजिस्ट: झोपेची तक्रार म्हणून आणा, ती बहुतेक जण मान्य करतात. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर तुम्ही स्वतः बोला, घरच्यांनाही तिथे सल्ला मिळतो.

कळव्याचा हवालदार: आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी ती बटणांची चाचणी द्याच. निदान नका काढू त्यातून. "इथे तुम्हाला वेळ का लागला?" एवढं विचारलंत, तर आमच्यातला एखादा बोलेल.