हिरवं दिसलं म्हणजे आतडं जगलं का?

शहापूरचा टाकेवाला
काल इथे एका विद्वानाने लिहिलं: ‘आयसीजी न मारता रेक्टमचा जोड करणारा सर्जन म्हणजे हेडलाइट बंद करून रात्री चोर्ला घाट उतरणारा.’ आयसीजी म्हणजे शिरेतून द्यायची हिरवी डाय; आतड्यात रक्त जिथवर पोचतं तिथवर ती खास कॅमेऱ्यात उजळते. रेक्टम म्हणजे गुदाशय, त्याचा जोड गळला की लीक. एका ओळीत उत्तर देऊन राग जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिलार-३ या चाचणीत (२०२१) लीक डाय देऊन ९.० टक्के, न देता ९.६. अव्हॉइड (२०२४) मध्ये ७ विरुद्ध ९, आणि तो फरकही संख्याशास्त्रात टिकला नाही. डाय तिथवर पोचली, एवढंच कॅमेरा सांगतो. जोडावर ताण किती, स्टेपलरने कापलेल्या आतड्याच्या दोन्ही गोल चकत्या (डोनट) पूर्ण आल्या का, पेशंटच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन किती, आधी रेडिएशन झालंय का, यातलं काही हिरव्या रंगात दिसत नाही. मेसेंटरी (आतड्याला धरणारा, रक्तवाहिन्यांचा पडदा) कापताना आतड्याच्या कडेने जाणाऱ्या मार्जिनल आर्टरीचं टोक क्षणभर मोकळं सोडा, लालभडक रक्त उडतंय का बघा. फुकट आहे की!

चोर्ला घाट
तो विद्वान मीच. पिलार-३ भरती घटल्यामुळे ३४७ पेशंटांवर मध्येच थांबवली, हे सोयीने विसरलात. जपानची इसेन्शियल (२०२३) कुठे गेली? ७.६ विरुद्ध ११.८. रशियाची फ्लॅग? ९.१ विरुद्ध १६.३, आणि खरा फरक खालच्या जोडांत, म्हणजे नेमका तुम्ही डोळ्यांवर विसंबता तिथे. राहिलं तुमचं डोळ्यांचं कौतुक: लीक होईल की नाही याचा सर्जनचा अंदाज किती कच्चा असतो, ते २००९ मध्येच छापून आलंय.

शहापूरचा टाकेवाला
कंट्रोल गटातच, म्हणजे डाय न दिलेल्यांत, १६ टक्के लीक असेल तर दिवा लावला काय, उदबत्ती लावली काय, सुधारणा दिसणारच.

टिळकवाडी भूल
तुम्ही दोघं आकडे फेका, औषध देतो आम्ही भूलवाले. डायची २५ मिलिग्रॅमची वायल (छोटी बाटली) निर्जंतुक पाण्याच्या १० मिलीत विरघळवायची. सलाइनमध्ये नाही, कण धरतात. मग मिलीला अडीच मिलिग्रॅम होतं. त्यातले २ ते ३ मिली एका दमात आणि मागोमाग १० मिली सलाइनचा फ्लश. ‘गेलं’ असं मोठ्याने सांगायचं, तेव्हा घड्याळ सुरू. बीपीचा कफ ज्या हाताला, त्याच हातातून डाय दिली आणि नेमका कफ फुगला, की डाय दंडात अडकते आणि आतड्याच्या नावाने बोंब. नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध) चढवलेलं असताना रंग यायला उशीर झाला तर आधी माझ्याकडे बघा, कात्रीकडे नको. आणि मॉनिटरवर ऑक्सिजनचं सॅच्युरेशन क्षणभर खोटं खाली येतं, तेव्हा ओरडू नका.

ओटी सिस्टर
डायची गोष्ट निघालीच आहे तर विचारते. ३ मिली वापरता, उरलेली ७ मिली ‘सिस्टर, दुपारच्या केसला ठेवा’ म्हणता. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

चोर्ला घाट
विरघळवल्यावर सहा तास चालते, सिस्टर. सकाळी ९ ची वायल दुपारी २ ला का चालू नये?

ओटी सिस्टर
सहा तास औषध टिकतं, निर्जंतुकपणा नव्हे. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही, वायल एका पेशंटची. प्रत्येक वेळी सुई आत गेली की धोका वाढला. ताप आला की जाब आम्हाला विचारणार.

टिळकवाडी भूल
पहिल्याच वेळी नव्या सिरिंजांत भरून, लेबल लावून ठेवल्या तर?

ओटी सिस्टर
एकाच पेशंटच्या दुसऱ्या डोससाठी ठेवा, ते बरोबर. दुसऱ्या पेशंटला नाही म्हणजे नाही.

खानापूर रोड
एक वायल दोन पेशंटांत वाटून का घ्यावी लागते, ते कुणी बोलेना. सरकारी योजनेत पॅकेजची रक्कम ठरलेली, त्यात स्टेपलरच बसता बसत नाही, डाय कुठून बसवणार? महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकने आक्षेप घेतला. दोन सरकारांच्या भांडणात पेशंट मधल्या मधे.

शहापूरचा टाकेवाला
झालं! आतड्यावरून सीमाप्रश्नावर आलात. पुढे बेळगावच्या कुंद्याचा भाव काढा.

खानापूर रोड
भाव काढायचाच तर वायलचा काढा. पेशंटच्या नातेवाइकाला वायलची चिठ्ठी देऊन बाहेर पाठवता ते तुम्हीच ना? मग सीमाप्रश्न नको म्हणता?

कॅमेरा दुरुस्ती
जरा यंत्राकडे या. डाय साधारण ८०५ नॅनोमीटरला प्रकाश शोषते, ८३० च्या आसपास परत देते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये. छतावरचे दिवे चालू ठेवलेत तर त्यातला इन्फ्रारेड कॅमेऱ्यात शिरतो आणि सगळंच उजळ दिसतं. लांबून धरला तर फिकं, जवळून धरला तर ठसठशीत, आतडं तेच. सगळ्यात घातक ऑटो गेन, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून उजळपणा वाढवणं: मेलेला भागही ओढूनताणून उजळ करून दाखवतो. म्हणून वरचा चांगला आतड्याचा तुकडा त्याच फ्रेममध्ये ठेवा, तुलना त्याच्याशी. लेझर स्पेकल, म्हणजे लेझरने रक्ताचा प्रवाह बघायचं तंत्र, त्याला डाय लागत नाही, हवं तितक्यांदा बघता येतं, पण श्वासाने आतडं हललं की चित्र बिघडतं आणि दिसतो फक्त वरचा पापुद्रा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा आतड्यातला ऑक्सिजन दाखवतो, तिथेही आतडं काही सेकंद स्थिर हवं.

शहापूरचा टाकेवाला
हे कामाचं बोललात. मग हेही मान्य करा: पाच मिनिटांनी बघितलं तर रक्त नसलेली कडही हिरवी दिसते, डाय शेजारून पाझरत येते. रक्त परत नेणारी व्हेन दाबली गेली असेल तरी आत आलेली डाय बाहेर पडत नाही आणि आतडं झकास उजळतं. तुमचा हेडलाइट दोन्ही वेळा खोटं बोलला.

चोर्ला घाट
म्हणून तर घड्याळ लावायचं. साठ सेकंदांत उजळलं नाही तर शंका घ्या, रंग जिथे संपतो त्या रेषेच्या वर, उजळलेल्या भागात स्टेपल करा. अन्ननलिकेच्या केसमध्ये तिच्या जागी जोडायच्या जठराच्या नळीला नव्वद सेकंदांचा नियम लावतात. दुसरा डोस पंधरा मिनिटांनी, नाहीतर आधीचाच रंग बघत बसाल. उशिराने बघणारा चुकला, तर दोष दिव्याचा कसा?

शहापूरचा टाकेवाला
बरं. खालचा जोड, रेडिएशन झालेलं, स्प्लेनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं आतड्याचं वळण) उतरवलेलं, अशा केसला लावतो तुमचा दिवा. राइट हेमिला, म्हणजे मोठ्या आतड्याची उजवी बाजू काढताना, लावणार नाही. आणि हिरवं दिसलं म्हणून इलिओस्टॉमी (जोड भरेपर्यंत पोटावर काढलेली मळाची वाट) टाळणार नाही.

चोर्ला घाट
टाळा असं म्हटलं कुणी? उपकार झाले, सर.

ओटी सिस्टर
बुधवारी यादीत दोन लो अँटिरिअर, म्हणजे रेक्टमच्या खालच्या जोडाच्या केस आहेत. वायल दोन मागवू की भांडण संपल्यावर सांगता?