लगशचा उरुकागिना: रयतेचा राजा की गादी बळकावलेला?

जुना तलाठी:
३१ वर्षं तलाठी होतो. सातबारा, फेरफार, वसुली यांतच नोकरी गेली. म्हणून असेल, दक्षिण इराकमधल्या लगश या जुन्या सुमेरी राज्याच्या उरुकागिनाचा आज्ञालेख वाचला आणि झोप उडाली. इ.स.पू. २३५०च्या आसपासचा हा राजा. आधी काय चालायचं आणि आपण काय बंद केलं, हे त्यानं मातीच्या शंकूंवर कोरून ठेवलंय. देवाचे बैल राजाचा कांद्याचा मळा नांगरायचे. देवाच्या चांगल्या जमिनीत राजाचे कांदे, राजाच्या काकड्या. मयत पुरायचं तर ७ घागरी बिअर आणि ४२० भाकरी द्याव्या लागत. यानं त्या ३ घागरी आणि ८० भाकरींवर आणल्या.

वारसनोंदीसाठी आलेली एक बाई आठवते. नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. कोणीतरी तिला ‘पैसे लागतील’ म्हणून सांगितलेलं. पदराची गाठ सोडून तिनं घामानं ओल्या झालेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. मी त्या परत केल्या, पण असं सांगणारे आमच्यातलेच होते. म्हणून विचारतो, भाकरी मोजणारा हा राजा खरा होता का?

मातीची पाटी:
आता त्याचं नाव अनेक अभ्यासक उरुइनिमगिना असं वाचतात. जरा सबुरीनं घ्या, काका. ज्याच्या जागी तो गादीवर आला, त्या लुगालांदाला वाईट ठरवण्यात त्याचा फायदाच होता. राजघराण्याची मालमत्ता देवांना परत दिली असं तो म्हणतो. पण बाऊ देवीच्या नावावर झालेल्या संस्थानाचा कारभार त्याची राणी शाशाच बघत होती, आणि तिथली माणसं वाढत गेली. लगश राज्यातल्या गिर्सू शहरात सापडलेल्या हिशेबाच्या पाट्याच तसं सांगतात.

गोदाकाठ:
मान्य, पण गाढवाचं कलम वाचा. गरिबाकडे चांगलं गाढव जन्मलं आणि मुकादमाला ते हवं झालं, तर धनी म्हणू शकतो, ‘माझ्या मनासारखी चांदी मोजून दे.’ त्यानं विकलं नाही तर मुकादमानं रागानं त्याच्यावर हात टाकायचा नाही. कर्जापायी अडकलेल्यांना सोडलं, त्यासाठी सुमेरी शब्द आहे ‘अमार्गी’. शब्दशः अर्थ, आईकडे परतणं. मला तर माहेरच आठवलं.

जुना तलाठी:
दोघांचेही आभार. राणीच्या संस्थानाचं मला ठाऊक नव्हतं, ते मनाला लागलं. तरी गाढवाच्या कलमात ‘रागानं’ हा शब्द आहे, त्यावर मी अडलोय. मुकादमाचा हात कधी उठतो हे जवळून बघितल्याशिवाय कोणी तसं लिहीत नाही.

काल शेवटही वाचला. जेमतेम सात-आठ वर्षांत शेजारच्या उम्मा शहराचा राजा लुगालझागेसी यानं लगशवर हल्ला केला. त्या हल्ल्याबद्दल लगशच्या बाजूनं लिहिलेली एक पाटी आहे, ती म्हणजे सरळ पंचनामा. कोणतं देऊळ जाळलं, कुठली चांदी आणि लाजवर्द हा निळा दगड नेला, निंगिर्सू देवाच्या शेतातलं जव कसं लुटलं, सगळं ओळीनं. मी गारपिटीचे पंचनामे असेच लिहिलेत, गट नंबर धरून. पण माझ्या कागदावर दोष कोणाचा हा रकाना नसायचा. त्या पाटीत आहे. गिर्सूचा राजा उरुकागिना याचा यात काही अपराध नाही, पाप लुगालझागेसीच्या देवीनं, निसाबानं, त्याच्याच मानेवर ठेवावं.