मदत हवी आहे: फ्रेमलॉक चिकटतो, इन्सर्ट घासू की बदलू?

टायटॅनियम फ्रेमलॉकचा घडीचा चाकू आहे, म्हणजे मुठीच्या चौकटीचाच एक पट्टा (लॉकबार) आत सरकून उघडलेलं पातं अडवतो. लॉकबारच्या टोकाला स्टीलचा इन्सर्ट (वेगळा तुकडा) दोन स्क्रूंनी बसवलेला. उघडल्यावर इन्सर्ट टँगच्या (पात्याच्या मुठीकडच्या टोकाच्या) रुंदीत साधारण 40 टक्के आत येतो, पात्याला वर-खाली खेळ नाही. पण बंद करताना लॉक चिकटतो, अंगठा दुखेपर्यंत जोर लागतो. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, टँगवर पेन्सिलीचं ग्राफाइट घासलं. काही दिवसांत पुन्हा तेच. मार्करची शाई लावली तर ती फक्त इन्सर्टच्या एका कडेवरून निघते, म्हणजे सपाट भाग टेकतच नाही, कडच रुतते.

ती कड 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच मोडली तर पुरेल का? कोन बदलला तर लॉक निसटेल ही खरी भीती. टँगला मी हात लावणार नाही.

दुसरं, सेबेन्झा 31 या चाकूत क्रिस रीव्ह नाइव्ह्ज कंपनीने लॉकच्या तोंडाशी सिरॅमिक गोळी बसवली, तीच डिटेंटचंही (बंद पातं जागेवर धरून ठेवायचं) काम करते. तसा गोळीवाला इन्सर्ट जुन्या चाकूत कोणी बसवलाय का? माझ्या मते जुनी डिटेंट गोळी तशीच ठेवावी लागेल, कारण टँगवरचं भोक तिच्याच जागेवर आहे. शिवाय गोळी एका बिंदूवर टेकते, तिच्यापेक्षा मऊ टँगला खळगा पडून लॉक आणखी आत सरकेल ना?