मदत हवी आहे: मोठ्या नावाची युनिव्हर्सिटी घेऊ की छोटी पण डिपार्टमेंट आवडलेली? (जिओलॉजी, पदवी)

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय, आधीच सॉरी.

शाळा संपली, जिओलॉजीत पदवी करायचीय हे नक्की (त्यावरून घरात भांडून झालंय, तो विषय परत नको). दोन ठिकाणी ॲडमिशन मिळतेय आणि ११ दिवसांत एका ठिकाणी पैसे भरून सीट कन्फर्म करायचीय, ते पैसे परत मिळत नाहीत. नावं मुद्दाम देत नाहीये कारण नावं दिली की धागा भलतीकडेच जातो, म्हणून एकीला 'मोठी' म्हणते आणि एकीला 'छोटी'.

मोठी: नाव सगळ्यांना माहीत, रँकिंगमध्ये बरीच वर. पण पहिलं वर्ष कॉमन आहे, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, थोडं पर्यावरण आणि जिओलॉजीचा एकच पेपर. ब्रांच दुसऱ्या वर्षाला मिळते आणि तीही मार्कांवर. ऑफर लेटरवर 'अर्थ सायन्सेस' लिहिलंय, जिओलॉजी हा शब्दच नाही, हे मला चार वेळा वाचल्यावर लक्षात आलं.

छोटी: नाव सांगितलं की लोक विचारतात ही कुठे आली. पहिल्या दिवसापासून जिओलॉजी, दरवर्षी फील्ड, म्हणजे बाहेर जाऊन प्रत्यक्ष दगड बघणं. ओपन डेला गेले होते तर तिथल्या मॅडमनी बेसॉल्टचा थिन सेक्शन (प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप) मायक्रोस्कोपखाली लावून दिला आणि म्हणाल्या स्टेज, म्हणजे खालची गोल तबकडी, हळूहळू फिरव. हातात घेतला की नुसता काळा दिसणारा तो दगड, आणि आत राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्याच काड्या, स्टेज फिरवला की एकेक काडी विझायची आणि परत उजळायची, मधूनच एखादा दाणा निळा नाहीतर केशरी. मागे रांग होती आणि मी उठतच नव्हते. पण हेही सांगायला हवं की बाजूच्या टेबलावर दोन मायक्रोस्कोप कव्हर घालून ठेवले होते आणि वर पेनाने 'बंद आहे' लिहिलेला कागद, तो कागद पिवळा पडलेला होता.

घरचे: बाबा म्हणतात मोठी. मामा म्हणतो "नाव आयुष्यभर पुरतं, दगड काय सगळीकडे सारखेच." आई म्हणते तूच ठरव, आणि मग हळूच मोठीच्या होस्टेलचे फोटो दाखवते. खर्चात फार फरक नाही, छोटीची फी कमी आहे पण फील्डचा खर्च वेगळा.

कोणी अशा पेचातून गेलंय का? नक्की काय बघून ठरवायचं?

प्रतिसाद १
मोठी. डोळे झाकून. पदवीनंतर कोणी तुझ्या मायक्रोस्कोपच्या गोष्टी ऐकत बसणार नाहीये, सीव्हीवर नाव बघतात आणि पुढे जातात. कटू आहे पण असंच आहे.

प्रतिसाद २
वरच्यांशी अर्धाच सहमत. रँकिंग म्हणजे काय मोजतात ते आधी बघ, मग त्याला किती भाव द्यायचा ते ठरव. क्यूएस नावाच्या जागतिक रँकिंगमध्ये सगळ्यात मोठा वाटा 'ॲकॅडमिक रेप्युटेशन'चा, म्हणजे जगभरच्या प्राध्यापकांना विचारायचं की तुमच्या क्षेत्रात कुठल्या युनिव्हर्सिटी चांगल्या वाटतात. हा वाटा आधी ४० टक्के होता, २०२४ च्या आवृत्तीपासून ३० केला. थोडक्यात नाव आहे म्हणून नंबर आणि नंबर आहे म्हणून नाव. शांघायवाली यादी (तेही जागतिक रँकिंगच) २००३ पासून निघते, तिच्यात माजी विद्यार्थ्यांच्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स मेडलला १० टक्के, प्राध्यापकांच्या नोबेल-फील्ड्सना २० टक्के. आता गंमत बघ, जिओलॉजीला नोबेलच नाही! म्हणजे त्या ३० टक्क्यांत तुझ्या डिपार्टमेंटचा हातभार जवळपास शून्य, कोणा फिजिक्सवाल्याच्या पुण्याईवर तू फी भरणार. आणि पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, कसं शिकवतं हे यातलं कोणीच वर्गात येऊन बघत नाही.

आकडेही युनिव्हर्सिटीच पुरवतात बरं का. २०२२ मध्ये यूएस न्यूजच्या अमेरिकन युनिव्हर्सिटींच्या यादीत कोलंबिया युनिव्हर्सिटी दुसऱ्या नंबरावरून थेट १८ वर आली, कारण त्यांच्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, आकडे तपासले आणि ते जुळेनात. २० पेक्षा कमी मुलं असलेले वर्ग ८२.५ टक्के आहेत असं कळवलं होतं, नंतर खुद्द युनिव्हर्सिटीने दिलेला आकडा निघाला ५७ च्या आसपास. कोलंबिया वाईट आहे असं नाही म्हणत, पण दुसरा नंबर बघून गेलेल्या मुलांना काय वाटलं असेल.

धागाकर्ती
बाप रे, हे नोबेलचं डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "बरं, पण नंबर तरी आहे ना."

प्रतिसाद ३
तू म्हणतो, चालेल ना, माझी मुलगी तुझ्याएवढीच आहे. मला फक्त एकाच गोष्टीवर बोलायचंय आणि ती म्हणजे दुसऱ्या वर्षी मार्कांवर मिळणारी ब्रांच. मी अशाच एका ठिकाणी शिकलो (नाव सोडून देतो), मला हवी होती ती ब्रांच ०.३ मार्कांनी गेली आणि मग तीन वर्षं मी जे शिकलो त्यातलं आज मला काहीही आठवत नाही, खरंच काही नाही. आम्हाला ॲडमिशनच्या वेळी सांगितलं होतं की "सहसा सगळ्यांना मिळते". हा 'सहसा' कुठेच छापलेला नव्हता. त्यामुळे मोठीला सरळ मेल टाक आणि विचार: जिओलॉजीच्या सीट किती, गेल्या वर्षी पहिली पसंती जिओलॉजी किती जणांनी भरली, त्यातल्या किती जणांना मिळाली. 'संधी मिळते का' असं विचारू नकोस, हो म्हणून मोकळे होतात. आकडा माग.

प्रतिसाद ४
प्रतिसाद १ साठी: अमेरिकेत डेल आणि क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा पेपर आहे, त्यांनी नुसती मोठ्या कॉलेजची मुलं आणि लहान कॉलेजची मुलं अशी तुलना केली नाही. सारख्याच प्रकारच्या कॉलेजांत अर्ज केलेली, सारख्याच ठिकाणी ॲडमिशन मिळालेली मुलं घेतली आणि बघितलं की जी तरीही कमी नावाजलेल्या ठिकाणी गेली त्यांचं पुढे काय झालं. कमाईत फारसा फरक नाही निघाला. अपवाद गरीब घरच्या मुलांचा, त्यांना मोठ्या ठिकाणचा फायदा झाला, बहुतेक ओळखीपाळखी घरातून नसतात त्या तिथे मिळतात म्हणून (हा अंदाज माझा). तर ज्या मुलीला मोठीत सीट मिळतेय ती छोटीत गेली म्हणून तिची अक्कल काही दारात ठेवून जात नाही.

प्रतिसाद १
पेपर अमेरिकेचा, नोकरी तिला तिच्या जगात शोधायचीय. मी माझ्या मतावर ठाम.

प्रतिसाद ५
मी खाणकामाच्या क्षेत्रात आहे, नव्या मुलांचे इंटरव्ह्यू घेते, म्हणून खरं काय होतं ते सांगते, दोन्ही बाजूंना थोडं थोडं लागेल. ढिगाने अर्ज येतात तेव्हा पहिली चाळणी लावणारा माणूस जिओलॉजिस्ट नसतो आणि तो नाव बघतो, हे खरं आहे, उगाच कोणी नाकारू नये. पण माझ्यासमोर आल्यावर मी टेबलावर एक भूशास्त्रीय नकाशा ठेवते, ज्यात थराची सीमारेषा नदीचं खोरं ओलांडताना इंग्रजी व्ही करते, आणि विचारते थर कुठल्या बाजूला कललाय. मग हातात एक दगड आणि लेन्स देते, बघ आणि बोल. ज्यांनी स्वतः उन्हात फिरून एक तरी नकाशा काढलाय ते मिनिटभर गप्प बसतात आणि मग बोलायला लागतात. ज्यांनी नुसतं वाचलंय ते लगेच बोलायला लागतात आणि तिथेच कळतं.

तेव्हा दोन्हीकडे हे विचार: तीन वर्षांत फील्डचे एकूण दिवस किती, त्यात स्वतंत्र मॅपिंग आहे का की बसमधून उतरून सरांनी दाखवलेलं वहीत उतरवायचं. मायक्रोस्कोप किती आणि *चालू* किती. पेट्रोलॉजी (दगड कसे बनतात, कशाचे बनतात तो विषय) शिकवायला कायमचा माणूस आहे का. तो पिवळा पडलेला कागद तू बघितलास हे चांगलं केलंस, मीही तेच बघितलं असतं.

प्रतिसाद ६
थोडं बाजूचं. 'आमच्या ९० टक्के मुलांना नोकरी' असलं काही ब्रोशरमध्ये असेल तर टक्के कशाचे ते विचार. समजा २०० पास झाले, सर्व्हेला उत्तर ८० जणांनी दिलं, त्यातले ७२ नोकरीत, झाले की ९० टक्के. उरलेले १२० कुठे आहेत देव जाणे, आणि ज्याची नोकरी लागत नाही तो असल्या सर्व्हेला उत्तर द्यायला बसत नाही.

आणि पुढे बाहेर मास्टर्स करायचा विचार असेल तर दोन्हींचे सिलॅबस डाउनलोड करून ठेव. युरोपात एका वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि बऱ्याच ठिकाणी तुझ्या विषयाचे क्रेडिट किती झालेत ते मोजतात. कॉमन वर्षात अख्खं वर्ष एकाच जिओलॉजीच्या पेपरवर गेलं तर ती बेरीज आखडते. नियम त्या त्या कोर्सच्या पानावर बघायचे, माझ्यावर जाऊ नकोस.

धागाकर्ती
अपडेट. सगळे प्रश्न एका कागदावर लिहून दोन्हीकडे मेल टाकला. छोटीकडून दुसऱ्या दिवशी उत्तर, हेड ऑफ डिपार्टमेंटकडूनच, एकही नमस्कार-चमत्कार नाही, नुसती यादी. फील्ड: पहिल्या वर्षी १०, दुसऱ्या वर्षी १४, तिसऱ्या वर्षी २१ दिवस आणि ते २१ दिवस दोघादोघांच्या जोडीने स्वतंत्र मॅपिंग. मायक्रोस्कोप १८, चालू १३. आणि शेवटी एक ओळ: "पेट्रोलॉजीच्या मॅडम या वर्षी रिटायर होत आहेत, जागा भरायची प्रक्रिया सुरू आहे." म्हणजे ज्यांच्यामुळे मी तिथे जायचं म्हणत होते त्याच नसणार. वाचून पोटात खड्डाच पडला.

मोठीकडून पहिलं उत्तर आलं की "ब्रांच उपलब्ध जागांनुसार दिली जाते", ते तर मला माहीतच होतं. प्रतिसाद ३ मधल्या काकांनी सांगितलं तसं परत आकडा मागितला, तर पाच दिवसांनी आला आणि तो वाचून मी हसायलाच लागले. जिओलॉजीच्या ४० सीट आणि पहिली पसंती भरली ३१ जणांनी. म्हणजे जो मागेल त्याला मिळते, कोणाला नकोच आहे! फील्ड मात्र तीन वर्षांत मिळून १२ दिवस, सगळे ग्रुपने.

प्रतिसाद ३
चला, माझी भीती फुकट गेली, बरंच झालं. पण ९ सीट स्वतःहून कोणी मागत नाही म्हणजे त्या वर्गात नको असताना ढकललेली मुलंही असणार. मी तसाच एक होतो, आमच्यासारख्यांबरोबर पुढची वर्षं बसणं सोपं नसतं, एवढंच सांगतो.

प्रतिसाद ५
फील्डचे दिवस ४५ आणि १२. मॅडम रिटायर होतायत हे त्यांनी न विचारता सांगितलं नाही, तू विचारलंस म्हणून सांगितलं, पण लपवलं नाही हेही आहे. त्यांना एकच विचार, जागा भरेपर्यंत पेट्रोलॉजी कोण घेणार. नाव आलं तर ठीक, 'व्यवस्था होईल' आलं तर विचार कर.

धागाकर्ती
विचारलं. उत्तर: त्याच मॅडम पहिली दोन सेमिस्टर व्हिजिटिंग म्हणून येणार आहेत, आठवड्यातून दोन दिवस. पुढचं नंतर बघू.

आज छोटीला पैसे भरले. बाबा दोन दिवस फार बोलले नाहीत, मग काल रात्री त्यांनीच तो नकाशावाला प्रतिसाद मोठ्याने वाचला आणि मला विचारलं की व्ही कुठल्या बाजूला म्हणजे काय, मलाही नीट नाही सांगता आलं. मामाचा फोन आला, म्हणाला दगड सारखेच असतात पण हातोडी मी घेऊन देतो. तर आता शेवटचा प्रश्न, घरात सुताराची हातोडी आहे ती चालेल का उगाच खर्च कशाला?

प्रतिसाद ५
अजिबात नाही. साधी हातोडी कठीण दगडावर मारली की तोंडाचा टवका उडतो आणि सरळ डोळ्याकडे येतो. अखंड पोलादाची जिओलॉजीची हातोडी घे, एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोक, आणि मामाला सांग सोबत गॉगलही घेऊन दे.