'आघाडी' म्हणजे एक पक्ष की अनेक? (निकाराग्वावरून अडलंय)

चिंचोका :
एका मासिकासाठी मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वातल्या निवडणुकांवरचा लेख मराठीत करतेय. 'फ्रेंते सांदिनिस्ता दे लिबेरासिओन नासिओनाल' या पक्षाचं मी 'सांदिनिस्ता राष्ट्रीय मुक्ती आघाडी' केलं ('फ्रेंते' म्हणजे इंग्रजी 'फ्रंट'). संपादकांनी समासात लिहिलं, 'आघाडीतले घटकपक्ष कोणते?' घटकपक्ष नाहीतच! १९६१ साली कार्लोस फोन्सेका वगैरे मंडळींनी काढलेली गनिमी संघटना. १९७९ला तिने हुकूमशहा सोमोसाची सत्ता उलथली, १९८४ची निवडणूक तिच्या डॅनिएल ओर्तेगाने ६७ टक्के मतं घेऊन जिंकली. एकच पक्ष. १९९०मध्ये याला हरवणारी व्हिओलेता चामोरोंची 'उनिओन नासिओनाल ओपोसितोरा' (विरोधकांची राष्ट्रीय एकजूट) मात्र चौदा पक्षांची मोट, त्यात सनातनी ते साम्यवादी सगळे. आता माझं वाक्य झालंय, 'विरोधकांच्या आघाडीने आघाडीचा पराभव केला.' काय करू?

खडूफळा :
मोर्चा लिहा. सोपं आहे.

अर्धविराम :
मास्तर, मोर्चा म्हटलं की मराठी माणसाला आझाद मैदान दिसतं. 'मोर्चा ६७ टक्के मतांनी निवडून आला' हे कोण वाचणार?

खडूफळा :
दिसू दे. मूळ शब्द फारसी 'मोरचाल', म्हणजे वेढ्यातला खंदक. जुन्या कागदांत 'किल्ल्यास मोर्चे लाविले' असं असतं, ते काय घोषणा देत फिरत होते? 'मोर्चेबांधणी'त तो अर्थ अजून शाबूत आहे. हातात बंदुका घेऊन सुरू झालेल्या संघटनेला याहून नेमका शब्द नाही. वापरणाऱ्यांनी अर्थ पातळ केला म्हणून शब्दाने का मरावं?

तिरफळ :
'फळी' का नको? आघाडीची फळी, मधली फळी. सांदिनिस्ता मुक्ती फळी.

अर्धविराम :
कबड्डीचा संघ वाटतोय.

पिंपळपान :
आघाडी हा शब्द आघाड्यावरून आलाय ना? गणपतीच्या पत्रीत असतो तो. आमची आजी म्हणायची, आघाडा कपड्यांना चिकटला की सुटत नाही, तसे हे आघाडीवाले खुर्चीला चिकटतात.

खडूफळा :
आजींना नमस्कार, पण व्युत्पत्ती चूक. 'अग्र'वरून आलेला शब्द आहे. घोड्याच्या पुढच्या पायांचा दोर ती आगाडी, मागच्यांचा तो पिछाडी.

पिंपळपान :
आजीची जास्त पटते.

तिरफळ :
खरी भानगड आपल्याकडची आहे. १९८९ला शिवसेना-भाजपची 'युती' आणि १९९९पासून काँग्रेस-राष्ट्रवादीची 'आघाडी'. अर्थ तोच, पण शब्दांना झेंडे लागले. त्याआधी युती फक्त ग्रहांची व्हायची. चौदा पक्षांच्या मोटेला 'युती' म्हणा आणि सांदिनिस्तांना 'आघाडी' राहू द्या. चिंचोकाताईंचं वाक्य सुटलं : 'युतीने आघाडीचा पराभव केला.'

अर्धविराम :
आणि वाचक समजणार की ही महाराष्ट्रातली बातमी आहे.

तिरफळ :
आघाडी म्हणजे अनेक पक्षच, हा संपादकांचा आग्रह तरी कुठला? वंचित बहुजन आघाडी हा पक्षच आहे की. आणि संयुक्त महाराष्ट्र समितीत पक्षच पक्ष होते, नाव मात्र 'समिती'. नावात काय घालायचं ते ज्याचं तो ठरवतो.

परदेशी पाहुणा :
त्या 'उनिओन नासिओनाल ओपोसितोरा'ची आद्याक्षरं घ्या, होतात 'उनो'. इंग्रजी कागद बघून टाइप करणारा 'युनो' लिहिणार. आमच्या वडिलांच्या पिढीला युनो म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. '१९९०ची निवडणूक युनोने जिंकली'! त्यात भर म्हणजे त्या निवडणुकीवर देखरेख ठेवायला संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक खरोखर होते. म्हणजे पंचानेच सामना मारला.

चिंचोका :
हे भारी आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिलाय. शिवाय २००१ला सांदिनिस्तांनी इतरांना सोबत घेऊन 'कोन्व्हेर्खेन्सिया नासिओनाल' (राष्ट्रीय एकत्रीकरण) केलं. म्हणजे आघाडीने आघाडी केली. तरी हरलेच. आणि निकालाच्या तक्त्यात '२००६ : आघाडी आघाडीवर' असं आलंय, ते संपादक छापू देत नाहीत.

अर्धविराम :
छापाच. मराठीत इतकं सुंदर वाक्य वर्षात एखादंच होतं.

अंकगणित :
शब्द राहू द्या, तक्ता बघा. ओर्तेगा १९९०ला जवळपास ४१ टक्के घेऊन हरला, १९९६ला ३८च्या आसपास घेऊन हरला, २००१ला ४२ घेऊन हरला. २००६ला पुन्हा ३८ टक्के मिळाली आणि जिंकला! त्याच्या विरोधातले उदारमतवादी दोन गटांत फुटले होते हे एक कारण. दुसरं म्हणजे नियम. आधी पहिल्या फेरीत जिंकायला ४५ टक्के लागत. ते ४०वर आणलं, किंवा ३५ पुरे, पण दुसऱ्यापेक्षा ५ टक्क्यांनी पुढे हवं. २०१४ला दुसरी फेरीच काढून टाकली.

खडूफळा :
'फेरी' शब्दावर माझा आक्षेप आहे. आपल्याकडे फेरी मतमोजणीची असते. 'पहिल्या फेरीत विजयी' वाचून माणूस म्हणेल, बाकीच्या पेट्या मोजल्याच नाहीत की काय! 'फेरमतदान' म्हणा.

तिरफळ :
फेरमतदान म्हणजे केंद्रावर राडा झाला म्हणून तेच पुन्हा घेतलेलं. इथे सगळे बाद होऊन दोघेच उरतात. फ्रान्सच्या बातम्यांत 'दुसरी फेरी'च छापून येतं आणि लोकांना कळतं. महापौर, दिनांक रुजले म्हणून प्रत्येक घडवलेला शब्द रुजतो असं नाही, मास्तर.

खडूफळा :
रुजू दिला तर ना.

चिंचोका :
तो नियम ज्या समझोत्यातून बदलला त्याला तिथे नुसतं 'एल पाक्तो' म्हणतात. ओर्तेगा आणि तेव्हाचे अध्यक्ष आर्नोल्दो आलेमान, दोघे कट्टर विरोधक, त्यांनी मिळून २०००च्या सुमारास घटना आणि निवडणूक कायदा वाकवला. 'करार' फार सोवळा वाटतो.

पिंपळपान :
साटंलोटं! दुसरा शब्दच नाही.

परदेशी पाहुणा :
साटंलोटं लग्नातलं. यांची मुलगी त्यांच्या घरी, त्यांची मुलगी यांच्या घरी. आमच्या दोन आत्या अशाच दिल्या होत्या. राजकारणात तो शब्द शिवीसारखा वापरतात याचं आमच्या घरात फार वाईट वाटायचं.

अर्धविराम :
पण साट्यालोट्यात दोन्हीकडून देणं-घेणं हवं. ओर्तेगाला टक्का उतरवून मिळाला. आलेमानला काय?

अंकगणित :
मावळत्या अध्यक्षाला संसदेत आपोआप जागा. म्हणजे खटल्यांपासून संरक्षण. ते संसदेने २००२च्या अखेरीस काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला भ्रष्टाचारासाठी २० वर्षांची शिक्षा झाली. २००९ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हा अध्यक्ष ओर्तेगा.

पिंपळपान :
मग साटंलोटंच.

खडूफळा :
'साटेलोटे' लिहा. छापायचं आहे ना?

पिंपळपान :
बोलताना कोण 'साटेलोटे' म्हणतं हो, मास्तर?