पुढचं ग्राफिक्स कार्ड धरून कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घ्या
दादा, तुमच्या आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाला किती वॅटचा सप्लाय घ्यावा असं तुम्ही विचारलंत, आणि ४५० वॅट पुरेल असं कुणीतरी सुचवलंय. आज चालेलही, ते कार्ड ११५ वॅटचंच आहे. पण पुढं तुम्हाला ४०७० सुपर टाकायचंय. ते २२० वॅटचं, आणि एनव्हिडिया कंपनी त्यासाठी ६५० वॅटचा सप्लाय सांगते. आत्ताच ७५० घ्या. खोक्यावरचा आकडा नको, सप्लायच्या बाजूचं स्टिकर वाचा: १२ व्होल्टखाली ६२ अँपिअर असेल तर खरा ७५० (व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट). माझ्या सप्लायवर ५०० छापलं होतं, खाली अँपिअर २५, म्हणजे ३०० वॅट! लातूरच्या मे महिन्यात, लाइटच्या ये-जा मध्ये तो जळाला, मदरबोर्डही गेला. आणि हो, जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) सप्लायच्या वायरी नव्याला अजिबात जोडू नका, पिनांची मांडणी वेगळी असू शकते.