गोल्फ: ताशी ९६ मैल वेगाला लो-स्पिन (बॉल कमी फिरवणारा) ड्रायव्हर चालेल का?

चेंबूर_बॅकनाइन:
हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, कमी तितका चांगला) १४, उजव्या हाताने खेळतो. बहुतेक राउंड बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबला, अधूनमधून खारघरच्या कोर्सवर. सध्याचा ड्रायव्हर (सर्वात लांब मारायचा क्लब) १०.५ अंश लॉफ्टचा (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, कल), हेड ४६० सीसी, शाफ्ट (दांडा) स्टिफ. लॉन्च मॉनिटरची सरासरी अशी: क्लबचा वेग ताशी ९६ मैल, बॉलचा १३८, लॉन्च (बॉल निघतो तो कोन) १०.५ अंश, स्पिन (बॉल फिरण्याची गती) ३३०० आरपीएम, अँगल ऑफ अटॅक (बॉलला लागताना हेड वर किंवा खाली जात असतं तो कोन) उणे ३ अंश. बॉल चढत जातो आणि जागच्या जागी पडतो, समोरून वारा असला की जास्तच. चुकला की उजवीकडे. पिंग जी४३० एलएसटी किंवा टेलरमेड क्यूआय१० एलएस यांपैकी एक लो-स्पिन ड्रायव्हर, ९ अंशांत, घ्यायचा विचार आहे. घेऊ का?

स्पिनलॉफ्ट:
९ अंशांत तर नकोच. तुमचा स्पिन हेडमुळे कमी आणि फटक्यामुळे जास्त वाढतोय.

एकतर तुम्ही वरून खाली मारताय. इम्पॅक्टचा लॉफ्ट १३ धरला आणि अटॅक उणे ३, तर दोन्हींतलं अंतर १६ अंश. स्पिन मुख्यतः या अंतरावर ठरतो. लॉफ्ट तोच ठेवून अटॅक अधिक १ झाला की तेच अंतर १२ वर येतं.

दुसरं म्हणजे लॉन्च कमी आणि स्पिन जास्त, ही जोडी बघा. बॉल फेसच्या खालच्या भागावर लागला की हेच होतं: तिथे फेसच्या गोलाईमुळे लॉफ्ट कमी असतो, म्हणून बॉल खालून निघतो, आणि गिअर इफेक्टमुळे (मध्याबाहेर लागल्यावर हेड वळतं, त्याने बॉलचं फिरणं बदलतं) स्पिन वाढतो. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग, १३८ भागिले ९६ म्हणजे १.४४, मध्यावर लागला तर १.४८च्या आसपास यायला हवा. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागे जाड ठिपका काढा, तो भाग फेसकडे ठेवून मारा. फेसवर डाग उमटतो. दर फटक्यानंतर पुसा. डाग मध्याच्या खाली जमत असतील तर आधी टी (बॉलखालची खुंटी) वाढवा, अर्धा बॉल हेडच्या वर दिसेल इतकी. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. बॉल पुढे घेतला की खांदे नकळत डावीकडे उघडतात आणि स्लाइस (बॉल उजवीकडे वळणं) वाढतो, तेवढं तपासा.

शाफ्ट_आणि_स्लीव्ह:
वरच्या मुद्द्यांशी पूर्ण सहमत. हेडबद्दल भर घालतो.

लो-स्पिन हेडमध्ये वजन फेसजवळ आणि खाली असतं. स्पिन उतरतो, पण त्याबरोबर लॉन्चही उतरतो आणि फटका मध्यावरून सरकला की हेड जास्त वळतं. काही हेड आकारानेही लहान आहेत: जी४३० एलएसटी ४४० सीसी, टायटलिस्ट जीटी४ ४३० सीसी. फेस बंद व्हायलाही ही हेड सहसा मदत करत नाहीत. तुमची चूक आधीच उजवीकडे आहे, त्यात ही भर पडेल.

म्हणून घ्यायचाच असेल तर १०.५ अंशांतच घ्या. स्लीव्हने (शाफ्ट आणि हेड जोडणारा, फिरवता येणारा भाग) लॉफ्ट कमी करायचा मोह टाळा, कारण लॉफ्ट कमी केला की फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो. तुमच्या हेडला पुढेमागे हलणारं वजन असेल तर आधी ते पुढे लावून मोजा. नवा क्लब न घेता काम होऊ शकतं.

चेंबूर_बॅकनाइन:
मनापासून आभार. शाफ्ट बदलून फरक पडेल का? आणि स्पिन कितीवर आणायचा?

स्पिनलॉफ्ट:
शाफ्टने स्पिन थोडाच हलतो, तो दिशा आणि टायमिंगसाठी निवडा. ९६ मैलांना २३०० ते २७०० आरपीएम आणि १३–१४ अंश लॉन्च धरा. २०००च्या खाली गेलात तर बॉल हवेत टिकत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताची पट्टी) बॉल पडतो तिथेच थांबतो, रोल जवळपास शून्य. त्या दिवसांत हवेतलं अंतरच कामाला येतं, त्यामुळे मी २५००च्या बाजूला राहीन.

शाफ्ट_आणि_स्लीव्ह:
तुलना करताना दोन्ही हेडना एकच शाफ्ट, तीच लांबी. बॉल स्वतःचे न्या, रेंजच्या घासलेल्या बॉलवर स्पिनचे आकडे फसवे येतात. बंद जागेत काही स्वस्त रडार यंत्रं स्पिन मोजत नाहीत, अंदाज बांधतात. आधी विचारून घ्या. प्रत्येक हेडने १०–१२ फटके, आलटून पालटून, नाहीतर दमल्यावरचे फटके दुसऱ्या हेडच्या माथी जातात. सर्वात लांब गेलेला फटका बाजूला ठेवा. सरासरी कॅरी (हवेतलं अंतर) आणि सर्वात डावा-उजवा फटका यांतली रुंदी लिहा. नवं हेड ८ यार्ड जास्त देत असेल पण रुंदी २० यार्डांनी वाढवत असेल, तर जुनाच ठेवा.